बी१ नंतरचं जर्मन: शाळेच्या वरच्या वर्गांतल्या अभ्यासाविषयी धागा

शब्दपारखी

बी१ पातळी (ए१ ते सी२ या युरोपीय भाषापट्टीवरची तिसरी) पार झाली की बऱ्याच विद्यार्थ्यांचं जर्मन अडकतं. शब्द माहीत असतात, व्याकरणाचे तक्ते पाठ असतात, तरी लिहिलेलं सगळं तिसरीतल्या निबंधासारखं दिसतं: छोटी वाक्यं, प्रत्येकाची सुरुवात 'इश'ने ('मी'ने), आणि मतापुढे कारण नाही. त्यावर काय करायचं, याच्यासाठी हा धागा. पंधरा ते अठरा वयाचे विद्यार्थी, त्यांचे पालक आणि शिकवणारे, सगळ्यांनी लिहा.

आधी परीक्षांचे आकडे एका जागी देतो. ग्योटे संस्थेच्या बी१ परीक्षेत वाचन ६५ मिनिटं, श्रवण ४० मिनिटं, लेखन ६० मिनिटं आणि बोलणं जोडीने साधारण १५ मिनिटं असतं. बी२ मध्ये लेखन ७५ मिनिटांचं होतं, बाकी वेळा तशाच. चारही भागांना प्रत्येकी १०० गुण, उत्तीर्ण व्हायला प्रत्येक भागात ६०. भाग सुटे सुटे देता येतात, म्हणजे एकट्या लेखनात राहिलात तर तेवढंच पुन्हा. दुसरी वाट जर्मन शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेच्या डीएसडी (जर्मन भाषा पदविका) परीक्षेची, ती शाळांमधूनच होते. डीएसडी १ ची पातळी ए२/बी१, डीएसडी २ ची बी२/सी१. दुसरी उत्तीर्ण झाली की जर्मन विद्यापीठाच्या प्रवेशासाठी भाषेचा पुरावा म्हणून चालते. तिच्या तोंडी परीक्षेत एक विषय तिथेच मिळतो आणि दुसरा आपण निवडून तयार केलेला प्रकल्प असतो.

बी१ आणि बी२ मधलं अंतर शब्दसंख्येत मोजू नका. खरा फरक तीन ठिकाणी पडतो: वाक्यं एकमेकांत गुंफता येणं, समोरचा माणूस पाहून भाषा बदलता येणं, आणि तिथल्या समाजातली एखादी गोष्ट तशी *का* आहे हे सांगता येणं.

एक सूचना. या धाग्यात जर्मन शब्द देवनागरीत, उच्चाराच्या जवळपास लिहूया. वहीत मात्र ते मूळ लिपीतच लिहायचे, नाहीतर शुद्धलेखन कधीच बसणार नाही.

---

विभक्तीप्रेमी

चांगला धागा. मला इथे एकच गोष्ट ठासून मांडायची आहे: जर्मन इंग्रजीवरून शिकू नका, मराठीवरून शिका. बहुतेक पुस्तकं इंग्रजीतून समजावतात, म्हणून मुलं मनात आधी इंग्रजी वाक्य करतात आणि मग त्याचं जर्मन. जी गोष्ट मराठीतून एका पावलात कळते तिला त्यामुळे तीन पावलं लागतात, शिवाय चूक होते ती वेगळीच.

उदाहरण घ्या. 'मला थंडी वाजतेय'. जर्मनमध्ये 'मिअर इस्ट काल्ट'. 'मिअर' म्हणजे 'मला'. इंग्रजीवरून आलेला विद्यार्थी 'इश बिन काल्ट' म्हणतो, आणि त्याचा अर्थ 'मी भावनाशून्य आहे' असा निघतो. 'मला आवडतं' हेही तसंच, 'एस गेफेल्ट मिअर'. ज्याला आवडतं तो 'ला' मध्ये, जे आवडतं ते कर्ता.

आता याच 'ला'चा सापळा. मराठीत 'त्याला पाहिलं' आणि 'त्याला पुस्तक दिलं' या दोन्हींत 'ला'च आहे. जर्मनमध्ये पहिला 'ईन' (आकुझाटीफ, साधारण आपली द्वितीया), दुसरा 'ईम' (डाटीफ, साधारण चतुर्थी). कुठे कोणता, हे मराठीवरून ठरत नाही. तिथे क्रियापदच विचारायचं:

'त्याला विचारलं': फ्रागन, आकुझाटीफ.
'त्याला सांगितलं': झागन, डाटीफ.
'त्याला फोन केला': आनरूफन, आकुझाटीफ.
'त्याला मदत केली': हेल्फन, डाटीफ.

डाटीफ घेणारी हेल्फन, डांकन, फोल्गन, गेह्योरन, गेफालन, त्सूह्योरन, व्हीडरश्प्रेशन ही मंडळी वेगळ्या पानावर लिहा, आणि क्रियापद एकटं न लिहिता 'ईम हेल्फन', 'ईन फ्रागन' असं जोडीनेच लिहा. वाचताना डोळ्याला जोडीची सवय लागली की लिहिताना हात आपोआप बरोबर जातो.

वाक्यरचनेत मराठी माणसाला मोठा आधार आहे. गौण वाक्यात जर्मन क्रियापद शेवटी जातं आणि इंग्रजी बोलणाऱ्याला ते फार जड जातं. आपलं क्रियापद शेवटीच असतं! 'व्हाइल इश होइटे काइने त्साइट हाबे': कारण, मला, आज, वेळ, नाही. क्रम जवळपास तोच. पण तीन जागी मराठीच आडवी येते.

पहिली, जोडीची सवय. आपण 'जरी पाऊस असला *तरी* येईन' म्हणतो, 'वेळ नाही *म्हणून* येत नाही' म्हणतो. त्या सवयीने 'ओबव्होल' (जरी) च्या पुढच्या वाक्यात 'आबर' (पण) किंवा 'ट्रॉट्सडेम' (तरीही) घुसतं. जर्मनमध्ये 'ओबव्होल' एकटं पुरतं. 'तरी'ची जोडी हवीच असेल तर 'त्स्वार … आबर' वापरा, ती आपल्या 'खरं … पण' सारखी चालते.

दुसरी, गौण वाक्य आधी आलं की मुख्य वाक्य क्रियापदाने सुरू होतं: 'व्हाइल इश काइने त्साइट हाबे, *कोमे इश* निश्ट'. अख्खं गौण वाक्य पहिली जागा अडवतं, म्हणून दुसऱ्या जागी क्रियापद. स्वल्पविरामाच्या दोन्ही बाजूंना क्रियापद दिसलं पाहिजे, ही खूण लक्षात ठेवा.

तिसरी, 'जो … तो'. 'जो मुलगा काल आला तो माझा मित्र' असं दोनदा सर्वनाम जर्मनमध्ये येत नाही. आधी नाम, मग स्वल्पविराम, मग 'डेअर/दी/दास' (पुल्लिंगी/स्त्रीलिंगी/नपुंसक), आणि क्रियापद शेवटी. सर्वनामाचं लिंग-वचन मागच्या नामावरून, पण विभक्ती आतल्या वाक्यातल्या कामावरून ठरते: 'डेअर फ्रॉइंट, *डेम* इश हेल्फे'. मित्र पुल्लिंगी, हेल्फन डाटीफ घेतं, म्हणून डेम. 'जो कष्ट करेल तो शिकेल' अशा सर्वसाधारण विधानात मात्र 'व्हेअर … डेअर' चालतं.

---

रानवारा

'ला' चं कोडं आज सुटलं, धन्यवाद. लिंगाबद्दल विचारायचं आहे. मराठीत तीन लिंगं आहेत म्हणून सोपं जाईल असं वाटतं, पण उलट गोंधळ होतो. सूर्य आपल्याकडे तो, तिथे ती!

---

विभक्तीप्रेमी

तीन लिंगं असतात आणि वस्तूंनाही लिंग असतं, हे मुळात पटवावं लागत नाही, एवढाच मराठीचा उपयोग. शब्दाशब्दाला जुळणी शोधू नका. पुस्तक ते, तिथेही दास बूख. चंद्र तो, तिथेही डेअर मोंट. पण दार ते असताना दी ट्यूर, खिडकी ती असताना दास फेन्स्टर. चमचा, काटा, सुरी घ्या: डेअर ल्योफेल, दी गाबेल, दास मेसर. एकाच ताटाजवळ तिन्ही लिंगं.

प्रत्ययांवर भिस्त ठेवा. -उंग, -हाइट, -काइट, -शाफ्ट, -टेट, -इओन हे शेवट असले की स्त्रीलिंग. -शेन आणि -लाइन असले की नपुंसक, म्हणून तर मुलगी 'दास मेट्शेन'. -लिंग आणि -इस्मुस असले की पुल्लिंग. वरच्या वर्गातले विषय पर्यावरण, शिक्षण, समाज असे असतात आणि त्यांतली भाववाचक नामं बहुतेक याच शेवटांची, त्यामुळे एवढ्याने बरंच काम होतं.

जोडशब्दाचं लिंग शेवटच्या पदावरून ठरतं. आपल्या तत्पुरुष समासासारखंच: 'राजवाडा' तो, कारण वाडा तो. दास हाउस आणि दी ट्यूर मिळून *दी* हाउसट्यूर. पहिलं पद -उंग, -हाइट, -काइट, -शाफ्ट किंवा -इओन ने संपत असेल तर मध्ये 'स' येतो: त्साइटुंग्सआर्टीकेल. हा 'स' राहून जाणं ही नेहमीची चूक आहे.

नाम लिहिताना आर्टिकल, नाम, अनेकवचन, तिन्ही एकदम लिहा. अनेकवचन नंतर पाठ करू म्हटलं की ते राहूनच जातं.

---

अनुस्वार

विभक्तीप्रेमी यांच्या मुद्द्याला पूर्ण अनुमोदन, आणि त्याच ओळीतली भर. बी२ ला जे सर्वांत अवघड म्हणून शिकवतात ते निपात, म्हणजे वाक्याला सूर देणारे डोख, या, माल, हाल्ट असे छोटे शब्द. इंग्रजीतून यांचं भाषांतर होत नाही म्हणून पुस्तकं पानंच्या पानं खर्च करतात. मराठीत तसे शब्द भरपूर आहेत:

'कोम डोख!' म्हणजे 'ये की!'
'माख माल आउफ' म्हणजे 'जरा उघड ना'.
'दास इस्ट या श्योन' म्हणजे 'हे छानच आहे की'.

नकारार्थी प्रश्नाचं उत्तरही बघा. 'कोम्स्ट डू निश्ट?' म्हणजे 'येत नाहीस?' त्यावर 'या' (हो) म्हणणं चूक, 'डोख!' म्हणायचं. मराठीत आपण 'येतोय की!' म्हणतो, तोच हा 'की'.

दुसरं उदाहरण 'झोलन'. 'एअर झोल क्रांक झाइन' याचा अर्थ 'तो आजारी आहे *म्हणे*'. ऐकीव माहितीसाठीचा आपला नेमका 'म्हणे' जर्मनमध्ये 'झोलन' च्या पोटात बसलाय. त्याच्या शेजारी 'व्होलन' ठेवा: 'एअर व्हिल दास गेझेएन हाबन' म्हणजे 'ते पाहिल्याचा त्याचा दावा आहे', आणि बोलणाऱ्याला त्याबद्दल शंका आहे. बातमीचा सारांश लिहिताना हे दोन्ही फार उपयोगी.

दुसऱ्याचं मत नोंदवताना कोन्युंक्टीफ १ हे क्रियापदाचं वेगळं रूप लागतं: 'एअर झाग्ट, एअर *झाय* क्रांक'. ते रोजच्या बोलण्यात कमी आणि वर्तमानपत्रात जास्त, म्हणून ओळखता यायलाच हवा. लिहिताना तृतीय पुरुष एकवचन आणि 'झाइन' ची रूपं पक्की केलीत तरी बराच पल्ला गाठता येतो. जिथे कोन्युंक्टीफ १ साध्या वर्तमानकाळासारखाच दिसतो तिथे कोन्युंक्टीफ २ (एरवी कल्पना किंवा सूचना सांगणारं रूप) वापरायचा: 'झी झागन, झी *हेटन* काइने त्साइट'. 'हाबन' लिहिलं असतं तर कोणाचं मत आणि कोणाचं विधान हे कळलंच नसतं.

---

तिसरी_घंटा

आकड्यांचं कोणी लिहिलं नाही. श्रवणात सर्वांत जास्त गुण इथे जातात असं शिकवणारे नेहमी सांगतात, म्हणून लिहिते.

जर्मनमध्ये एकक आधी, दशक नंतर. 'फीअरउंटड्रायसिश' म्हणजे चार आणि तीस. चौतीस! आपणही चार आधीच म्हणतो. एकवीस, पंच्याऐंशी, बहुतेक असेच (एकोणतीससारखे सोडून). आकडा ऐकल्यावर तो मनात इंग्रजीत नेऊ नका, थेट मराठीत ऐका, अंक उलटे लिहिले जाणार नाहीत. 'आंडर्टहाल्प' म्हणजे दीड, 'त्स्वायआइनहाल्प' म्हणजे अडीच.

वेळेत मात्र सावध राहा. 'हाल्प आख्ट' म्हणजे साडेआठ नव्हे, साडेसात. आठाकडे अर्धी वाट, असा त्याचा अर्थ. परीक्षेतल्या संवादात भेटीची वेळ बदलताना हे हमखास येतं.

---

ध्वनिवेध

उच्चार 'नंतर सुधारू' म्हणून मागे टाकू नका. वरच्या पातळीवर त्याने अर्थ बदलतो. 'मुस्टे' म्हणजे करावं लागलं (भूतकाळ), 'म्युस्टे' म्हणजे करायला हवं (कोन्युंक्टीफ २). कोन्टे आणि क्योन्टे, हाटे आणि हेटे, वुर्डे आणि व्युर्डे यांचंही तसंच. बोलताना स्वर नीट निघाला नाही तर सूचनेचा भूतकाळ होतो.

दोन टिंबांचा 'ऊ' असा काढा: लांब 'ई' म्हणा, जीभ अजिबात हलवू नका, फक्त ओठ 'ऊ' सारखे पुढे काढा. दोन टिंबांचा 'ओ' हवा असेल तर 'ए' म्हणत ओठ 'ओ' सारखे करा. देवनागरीत 'यु' किंवा 'यो' लिहितो ती फक्त सोय आहे. 'य' चा उच्चार होऊ द्यायचा नाही. आरशासमोर करा, जीभ हलली तर लगेच ऐकू येतं.

'त्साइट' चा पहिला ध्वनी म्हणजे 'चाकू'तला च ('चार'मधला नव्हे), 'झोने' चा पहिला ध्वनी 'जरा'तल्या ज च्या जवळचा. हे दोन ध्वनी मराठी माणसाकडे आयते आहेत. 'इश' मधला शेवट मात्र 'श' नाही: 'ई' म्हणताना जीभ असते तिथेच ठेवून नुसती हवा सोडायची. 'आ, ओ, ऊ' नंतर तोच घशातला 'ख' होतो: बूख, डोख.

शब्दाच्या शेवटी ब, ड, ग हे प, ट, क होतात. 'टाक' म्हणजे दिवस, अनेकवचन 'टागे'. म्हणून शेवटचं अक्षर लिहिताना शंका आली तर अनेकवचन म्हणून बघा.

आणि आघात. 'उमफारन' मध्ये आघात 'उम' वर असला तर गाडीखाली घेणं, 'फा' वर असला तर वळसा घालून जाणं. पहिल्यातला 'उम' सुटतो आणि वाक्याच्या शेवटी जातो, दुसऱ्यातला सुटत नाही. सुटणाऱ्या उपसर्गावर नेहमी आघात असतो.

---

निळी_शाई

लेखनाकडे येते. बी२ च्या लेखनात दोन कामं: चर्चापीठावरचं मत किमान १५० शब्दांत आणि औपचारिक निरोप किमान १०० शब्दांत. ७५ मिनिटांपैकी पहिल्याला ४५, दुसऱ्याला २०, आणि तपासायला १० ठेवा. पहिल्या कामात चार मुद्दे दिलेले असतात. एकही सुटला तर भाषा कितीही सुंदर असली तरी गुण जातात, म्हणून प्रत्येक मुद्द्याला ३० ते ३५ शब्द आणि उरलेले सुरुवात-शेवटाला. लिहून झालेल्या मुद्द्यावर प्रश्नपत्रिकेत खूण करत जा.

जोडशब्द पाठ करताना अर्थाबरोबर *जागा* पाठ करा. उंट, आबर, ओडर, डेन, झोंडर्न: यांची जागा शून्य, पुढे नेहमीचं वाक्य. डेसहाल्प, ट्रॉट्सडेम, आउसरडेम: यांची जागा एक, लगेच पुढे क्रियापद. व्हाइल, ओबव्होल, व्हेरेंट, फाल्स: क्रियापद शेवटी. 'डेन' आणि 'व्हाइल' दोन्हींचा अर्थ 'कारण', पण रचना वेगळी. चुका अर्थात होत नाहीत, जागेत होतात.

एकच विचार तीन पातळ्यांवर कसा दिसतो ते बघा.

'एस रेग्नेट. व्हीअर गेएन व्हांडर्न.' पाऊस आहे. आम्ही भटकायला जातो.
'ओबव्होल एस रेग्नेट, गेएन व्हीअर व्हांडर्न.' हे बी१.
'ट्रॉट्स डेस रेगन्स गेएन व्हीअर व्हांडर्न.' हे बी२ कडे जाणारं: वाक्याचं नाम झालं आणि गेनिटीफ (साधारण आपली षष्ठी) आला.

ट्रॉट्स, व्हेगन, व्हेरेंट, आउफग्रुंट ही चार अव्यये गेनिटीफसकट हाताशी ठेवा. पण प्रत्येक वाक्याचं नाम करू नका, मजकूर सरकारी परिपत्रकासारखा होतो. परिच्छेदात एखादं पुरे.

औपचारिक पत्रात चुका ठरलेल्या जागी होतात. मायन्यानंतर स्वल्पविराम, आणि पुढची ओळ लहान अक्षराने (पहिला शब्द नाम किंवा आदरार्थी सर्वनाम नसेल तर). 'मिट फ्रॉइंटलिशन ग्र्यूसन' नंतर स्वल्पविराम नाही. आदरार्थी 'झी' (तुम्ही), 'ईनन' (तुम्हाला), 'ईअर' (तुमचं) मोठ्या अक्षराने. मराठीत 'तुम्ही' एका व्यक्तीला आदराने आणि मित्रांच्या घोळक्यालाही चालतं. जर्मनमध्ये घोळक्याला लहान अक्षराचं 'ईअर', आदराला 'झी'. एका पत्रात दोन्हींची सरमिसळ झाली तर परीक्षक लगेच थांबतो.

साल लिहिताना 'इन २०२४' नाही. एकतर नुसतं '२०२४', नाहीतर 'इम यार २०२४'.

तपासताना सगळं एकदम वाचू नका. पहिल्या फेरीत फक्त क्रियापदांची जागा, दुसरीत कर्ता आणि क्रियापद जुळतात का, तिसरीत विशेषणांचे शेवट, चौथीत नामांची मोठी अक्षरं.

---

रानवारा

संस्कृतीचा अभ्यास कसा करायचा? सण, खाणं, प्रसिद्ध माणसं यांच्या याद्या पाठ करून बोलताना काहीच सुचत नाही.

---

शब्दपारखी

यादीने सुचणारही नाही, कारण प्रश्न 'काय' चा नसून 'का' चा असतो. प्रत्येक विषयाला वहीत तीन रकाने करा: काय आहे, का आहे, जर्मन बोलणाऱ्या इतर ठिकाणी कसं वेगळं आहे.

राष्ट्रीय दिवस घ्या. काय: ३ ऑक्टोबर, १९९० चं एकीकरण. का: बर्लिनची भिंत पडली ९ नोव्हेंबर १९८९ ला, मग तो दिवस का नाही? कारण ९ नोव्हेंबरलाच १९१८ मध्ये प्रजासत्ताकाची घोषणा झाली, १९२३ मध्ये हिटलरचा बंडाचा प्रयत्न झाला आणि १९३८ मध्ये ज्यूंची घरं-दुकानं-प्रार्थनास्थळं फोडली-जाळली गेली. त्या तारखेला नुसता उत्सव करता येत नाही. एवढं एक उत्तर दिलं की इतिहास, स्मृती आणि आजचं राजकारण यांवर बोलायला वाट मिळते. त्याबरोबर तीन शब्द वेगळे ठेवा: माउअरफाल ही त्या रात्रीची घटना, व्हीडरफेरआइनिगुंग हे एकीकरण, आणि व्हेंडे म्हणजे त्या बदलाचा एकूण काळ. विद्यार्थी तिन्ही एकाच अर्थाने वापरतात.

शाळेचा विषय हमखास येतो. बहुतेक राज्यांत चौथीनंतर मुलं वेगवेगळ्या शाळाप्रकारांत जातात, बर्लिन आणि ब्रांडेनबुर्गमध्ये सहावीनंतर. शिक्षण हा १६ राज्यांचा विषय आहे, म्हणून 'जर्मनीत असं असतं' यापेक्षा 'माइस्टन्स', म्हणजे बहुतेक ठिकाणी, असं म्हणा. गुणांत गोंधळ होतो: जर्मनीत १ उत्तम आणि ६ सर्वांत वाईट, ऑस्ट्रियात १ ते ५, स्वित्झर्लंडमध्ये ६ उत्तम. वरच्या वर्गांत जर्मनीत ० ते १५ गुण. आलेख किंवा संवाद कोणत्या देशाचा आहे हे न बघता उत्तर दिलं तर अर्थ उलटा होतो.

व्यवसायशिक्षणात (आउसबिल्डुंग) आठवड्याचे काही दिवस कंपनीत आणि काही दिवस व्यवसायशाळेत, एकूण साधारण २ ते ३.५ वर्षं, आणि शिकणाऱ्याला मोबदला. पर्यावरणात बाटल्यांची अनामत: एकदाच वापरायच्या बाटलीवर किंवा डब्यावर २५ सेंट, पुन्हा भरायच्या बिअरच्या बाटलीवर साधारण ८. जर्मनीतल्या शेवटच्या तीन अणुभट्ट्या १५ एप्रिल २०२३ ला बंद झाल्या. मतदानात ऑस्ट्रियात २००७ पासून वय १६, जर्मन संसदेसाठी १८. स्थलांतरात १९५५ चा इटलीशी आणि १९६१ चा तुर्कस्तानशी कामगार-करार, १९७३ ला भरती बंद. अशी एक-दोन पक्की वर्षं प्रत्येक विषयाला पुरतात.

---

अनुस्वार

शब्दपारखींच्या 'का' च्या रकान्याला एक जवळून बघण्यासारखी वस्तू सुचवते: श्टोल्परश्टाइन. गुंटर डेमनिश या कलाकाराने १९९० च्या दशकात सुरू केलेला प्रकल्प. साधारण १० सेंटीमीटर चौरस पितळी पत्रा असलेला दगड, नाझी काळात ज्यांचा छळ झाला त्यांनी स्वेच्छेने निवडलेल्या शेवटच्या राहत्या घरासमोर पदपथात बसवलेला. युरोपभर आता एक लाखाहून जास्त आहेत.

भाषेच्या अंगाने त्यावरचा मजकूर बघा. वर 'हीअर व्होन्टे', इथे राहत होता/होती. मग नाव, जन्मसाल. मग नुसती भूतकालवाचक धातुसाधितं: 'डेपोर्टीअर्ट', 'एरमोर्डेट', आणि साल, ठिकाण. साहाय्यकारी क्रियापद नाही, कर्ता नाही. कोणी मारलं ते लिहिलेलं नाही, आणि वाचणाऱ्याच्या मनात तोच प्रश्न उरतो. कर्मणि प्रयोग शिकवायला याहून नेमका मजकूर नाही: 'व्हुर्डे एरमोर्डेट' असं पूर्ण वाक्य करून दाखवा, मग 'फोन' लावून कर्ता जोडा, आणि वाक्याचा सूर कसा बदलतो यावर वर्गात बोला. वाचायला खाली वाकावं लागतं, हेही त्या दगडाच्या अर्थाचाच भाग आहे.

---

तिसरी_घंटा

ऑस्ट्रिया-स्वित्झर्लंडचा रकाना रिकामा राहू नये म्हणून: ऑस्ट्रियात जानेवारी 'येनर', टोमॅटो 'पाराडायझर', शालान्त परीक्षा 'माटुरा'. स्वित्झर्लंडमध्ये सायकल 'व्हेलो', आणि तिथे दुहेरी 'स' चं ते खास अक्षर (ß) वापरतच नाहीत. इतरत्र नियम सोपा: आधीचा स्वर लांब किंवा संयुक्त असेल तर खास अक्षर, आखूड असेल तर दोन 'स'. स्विस लोक लिहितात प्रमाण जर्मन, बोलतात आपापली बोली, आणि बोलीला कमी लेखत नाहीत. स्विस स्त्रियांना देशपातळीवर मताधिकार १९७१ ला मिळाला, लोकशाहीवरच्या चर्चेत हे वर्ष कामाला येतं.

ऐकायला डॉइचे व्हेले या जर्मन प्रसारणसंस्थेची सावकाश वाचलेली बातमीपत्रं, मुलांसाठीचं 'लोगो' बातमीपत्र आणि डॉइचलांडफुंकचं 'नाखरिश्टनलाइश्ट'. एकच दोन मिनिटांचा तुकडा तीनदा ऐका: पहिल्यांदा फक्त विषय, दुसऱ्यांदा आकडे आणि नावं, तिसऱ्यांदा लिखित मजकूर समोर ठेवून. दर वाक्याच्या शेवटापर्यंत थांबा, सुटलेला उपसर्ग तिथे असतो आणि त्याच्याशिवाय क्रियापदाचा अर्थ ठरत नाही.

---

ध्वनिवेध

बोलण्याच्या परीक्षेबद्दल थोडं. बी२ ला आधी साधारण ४ मिनिटांचं छोटं भाषण, मग जोडीदाराशी वाद-चर्चा. तयारीच्या १५ मिनिटांत पूर्ण वाक्यं लिहू नका, कागदावर १५-२० शब्द पुरे. पाठ केलेलं भाषण ओळखू येतं: आवाज एकसुरी होतो आणि मधला एक शब्द विसरला की सगळं कोसळतं. चर्चेत बहुतेक जण स्वतःचा मुद्दा मांडून थांबतात. समोरच्याचं बोलणं आधी उचला ('डा हास्ट डू रेश्ट, आबर…', म्हणजे 'तुझं बरोबर आहे, पण…'), मग आपलं म्हणा. शब्द आठवला नाही तर गप्प बसू नका, वस्तूचं वर्णन करा. त्याचे गुण मिळतात.

---

रानवारा

हा परिच्छेद या धाग्याच्या कसोटीवर तपासून द्याल का? म्हणायचं आहे ते असं: व्यवसायशिक्षण अवघड असलं तरी बरेच तरुण ते निवडतात. कंपन्या विद्यार्थ्यांना मदत करतात असा लेख मी २०२५ मध्ये वाचला. विषय महत्त्वाचा आहे म्हणून मला त्यात रस आहे.

'ओबव्होल दी आउसबिल्डुंग इस्ट श्वेअर, आबर फीले यूगेंटलिशे व्हेलन झी. इन २०२५ इश हाबे आइन आर्टीकेल गेलेझन, दास दी फिर्मेन दी श्यूलर हेल्फन. इश बिन इंटरेसीअर्ट आन डीझे टेमा, व्हाइल एस इस्ट व्हिश्टिश.'

---

निळी_शाई

पहिलं वाक्य: 'इस्ट' शेवटी न्या, 'आबर' काढा (जरी-तरीची सवय), आणि स्वल्पविरामानंतर लगेच क्रियापद. 'ओबव्होल दी आउसबिल्डुंग श्वेअर इस्ट, व्हेलन फीले यूगेंटलिशे झी.'

दुसरं: साल नुसतं, त्यापुढे क्रियापद. आर्टीकेल पुल्लिंगी आणि इथे कर्म, म्हणून 'आइनन'. लेखात काय लिहिलंय हे सांगायला 'इन डेम श्टेट' हवं. हेल्फन डाटीफ घेतं, अनेकवचनात नामालाही 'न' लागतो. '२०२५ हाबे इश आइनन आर्टीकेल गेलेझन, इन डेम श्टेट, दास दी फिर्मेन डेन श्यूलर्न हेल्फन.' इथल्या 'दास' ला शेवटी दोन 'स' आहेत ना ते बघा. त्या जागी 'व्हेल्शेस' घालून वाक्य चालत नसेल तर दोनच.

तिसरं: 'आन' ठेवायचं तर 'डीझेम टेमा'. त्यापेक्षा 'इश इंटरेसीअरे मिश फ्युअर डीझेस टेमा, व्हाइल एस व्हिश्टिश इस्ट' जास्त सहज वाटतं. पण 'महत्त्वाचं आहे' हे कारण कोणत्याही विषयाला लागू पडतं. आउसबिल्डुंगचंच कारण द्या: शिकता शिकता मोबदला मिळतो, कंपनीत प्रत्यक्ष काम हाताखालून जातं.

हे सगळं जमलं की पहिलं वाक्य गेनिटीफने बांधून बघा: 'ट्रॉट्स डेअर होएन आनफोर्डेरुंगन एंटशायडन झिश फीले यूगेंटलिशे फ्युअर आइने आउसबिल्डुंग.' 'श्वेअर' गेला आणि नेमकं काय अवघड आहे ते सांगणारं नाम आलं. दुसरा मसुदा इथेच टाका, बघते.